इशापूरची १९४३ ची थ्री नॉट थ्री: शिक्के वाचायला मदत हवी (आणि एक घरगुती प्रश्न)

माणदेशी_ओहायो:
नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. मी मूळचा साताऱ्याकडचा, आता ओहायोत कोलंबसजवळ राहतो. शेजारी एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे, सुतारकाम आणि जुन्या बंदुका जपायचा नाद. परवा बर्फ काढताना बोलणं झालं, मी भारतातला म्हटल्यावर म्हणाले थांब, तुला तुझ्या देशाची एक वस्तू दाखवतो, आणि तळघरातनं ही रायफल घेऊन आले. मी लांबूनच ओळखली. लहानपणी एसटी स्टँडवर पोलिसांच्या खांद्याला बघितलेली तीच, पुढून बोथट तोंडाची, नळीवर शेवटपर्यंत लाकूड. ती थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ इंच बोअरची (नळीच्या भोकाच्या मापाची) लष्करी रायफल.

आजोबांना ती नातवाला द्यायचीय आणि सोबत एक चिठ्ठी ठेवायचीय की ही काय आहे, कुठून आली, कुणी वापरली. त्यांनी दहाबारा वर्षांपूर्वी एका जत्रेसारख्या गन शोमध्ये घेतलेली, विकणाऱ्याला काही माहीत नव्हतं. मला फोटो काढू दिले पण इथे चढत नाहीयेत म्हणून शब्दात सांगतो. बोल्टच्या (मागेपुढे सरकवायच्या दांड्याच्या) खाली जिथे लाकडी दस्ता लोखंडाला मिळतो तिथे उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली जीआरआय, मग इशापूर, मग १९४३, मग नं. १ एमके ३ आणि पुढे एक चांदणी. दुसरीकडे एक बाण आहे वर टोक केलेला आणि त्याच्या खाली आय अक्षर. मॅगझिनच्या थोडं पुढे लाकडातून आडवा स्क्रू गेलाय. दस्त्याला बसवलेली पितळी चकती आहे पण कोरी. मॅगझिन आहे पण आत लाकडाचा ठोकळा बसवलाय, आजोबा म्हणतात कुणीतरी मोडकं लपवलंय. नळीच्या खालच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरात काहीतरी आहे की मला चष्म्यानेही लागलं नाही.

आता घरगुती प्रश्न. माझ्या आईचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पहिली बटालियन, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. मी चौथीत असताना गेले. सेनिओ नदीच्या बांधाचं आणि तिथल्या चिखलाचं सांगायचे एवढं आठवतं. १९४३ वाचलं आणि माझा हात तिथेच थांबला. ही त्यांच्या पलटणीतनं फिरलेली असू शकते का? शिक्क्यांवरून असं काही कळतं का?

कुंदा_आणि_नळी:
माणदेशी दादा, तुम्ही शिक्के फार नीट उतरवलेत, अर्धं काम तिथेच झालं. वरून खाली वाचू.

मुकुट आणि जीआरआय म्हणजे जॉर्ज रेक्स इम्पेरेटर, जॉर्ज राजा आणि बादशहा. विलायतेत बनलेल्या रायफलींवर नुसतं जीआर सापडतं, इथल्यांवर शेवटी आय, कारण हिंदुस्थानात तो बादशहा म्हणवायचा. घरात सहाव्या जॉर्जचा जुना रुपया असेल तर बघा, त्यावरही किंग एम्परर लिहिलंय, तीच गोष्ट. पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज दोघांनाही जीआरआयच लागतं, म्हणून खालचं साल बघून राजा ठरवायचा. १९४३ म्हणजे सहावा.

इशापूर म्हणजे बंगालमधली कलकत्त्याच्या उत्तरेची रायफल फॅक्टरी, १९०४ साली उभी राहिलेली. हीच रायफल विलायतेत एनफिल्डला बनायची, बर्मिंगहॅमला बीएसए बनवायची, लंडन स्मॉल आर्म्स बनवायची, ऑस्ट्रेलियात लिथगो बनवायची, आणि प्रत्येकाचं नाव याच जागी असतं. म्हणून दुकानदार कितीही सांगो ही इंग्लंडची आहे, आधी ही जागा बघायची. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या मालावरचा मुकुट गेला आणि तिथे अशोकाचे सिंह आले, खाली आरएफआय, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. त्यामुळे नुसता तो शिक्का बघून ब्रिटिश काळातली की नंतरची याचा साधारण अंदाज येतो.

नं. १ हे नाव १९२६ च्या नाव बदलण्यानंतरचं. त्याआधी याच रायफलीवर एसएचटी एलई लिहायचे, शॉर्ट लीएनफिल्ड, लीएनफिल्ड हे या रायफलीच्या घराण्याचं नाव. एमके ३ म्हणजे मार्क ३, त्याची रचना १९०७ ची. चांदणी म्हणजे पहिल्या महायुद्धात झटपट माल निघावा म्हणून केलेली काटछाट. मूळ मार्क ३ ला डाव्या बाजूला लांब पल्ल्याची तबकडी असायची, सगळ्या तुकडीने मिळून दीड हजार यार्डांच्याही पुढे गोळ्यांचा पाऊस पाडायला, आणि मॅगझिन बंद ठेवून एकेक काडतूस हाताने भरायला एक सरकती पट्टी असायची. खंदकात दोन्हीचा उपयोग नव्हता, १९१५-१६ मध्ये काढून टाकली.

बाण हा सरकारी मालाचा जुना ब्रिटिश ठसा आणि खाली आय म्हणजे इंडियन आर्मीची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असते तर तो सरकारने विकून टाकलेला माल. आडवा स्क्रू ही तर आमच्याकडची ओळखच, पुढचं लाकूड तडकू नये म्हणून इशापूरला घालायचे, संग्राहक त्याला इशापूर स्क्रूच म्हणतात.

नळीखालची बारीक अक्षरं मात्र नक्की वाचा. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर बाहेरून आलेल्या बंदुकीवर आयात करणाऱ्याने आपलं नाव गाव मारावं लागतं. ते असेल तर ही ६८ नंतर तिकडे पोचली, नसेल तर बहुतेक आधी.

जुना_एनसीसीवाला:
वरच्या भाऊंनी मस्त सांगितलंय. मला त्या लाकडी ठोकळ्यावर बोलायचंय. आमच्या कॉलेजात एनसीसीला ड्रिलसाठी अशाच थ्री नॉट थ्री होत्या, डीपी म्हणायचे, ड्रिल परपज. दस्त्यावर रंगाचा पट्टा आणि डीपी अक्षरं, चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, भोक पाडलेलं आणि फायरिंग पिनचं टोक कापलेलं, म्हणजे गोळी सुटूच शकत नाही. चार किलोची ती खांद्यावर घेऊन २६ जानेवारीची परेड केलीय, हाताला दुसऱ्या दिवशी पेन धरवत नव्हतं. मला वाटतं ही पण डीपी असणार, बिघडवताना मॅगझिन पण बंद केलं असेल. चेंबरजवळ आडवं भोक दिसतंय का बघा.

कुंदा_आणि_नळी:
एनसीसीवाले, तुमचा अंदाज साधा आणि चांगला आहे पण मला वेगळा संशय आहे आणि तो एका मिनिटात फिटेल. दादा, आजोबांना म्हणा बोल्ट काढा, चेंबर रिकामी आहे याची दोघांनी स्वतः बोट घालून खात्री करा, मग मागून टॉर्च मारून पुढच्या तोंडातनं नाही, मागच्याच बाजूने नळीत बघा. आत गोल फिरत गेलेल्या खाचा दिसतात का? एवढंच सांगा. बाकी नंतर.

आणि एक, शिक्के नीट दिसावेत म्हणून कुणी तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर मारू नका, हात जोडून सांगतो. मी एका वाड्यातली बंदूक बघितलीय जिचं लाकूड घासून इतकं चकचकीत केलेलं की दस्त्यावरचे सगळे ठसे गेले आणि आता ती कुणाची कधीची हे सांगायला काही उरलं नाही. उजेड आडवा पाडायचा, बाजूने, खोली अंधारी करून, अक्षरं आपोआप उठतात. लाकडावरचं असेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवायची, लहानपणी नाण्यावर करायचो तसं.

माणदेशी_ओहायो:
आत्ताच बघून आलो. भोक नाही, डीपी कुठे लिहिलेलं नाही. नळी आतून एकदम गुळगुळीत! आरशासारखी नाही, जरा काळवंडलीय पण खाच एकही नाही. आजोबांनी मग स्वतः माप लावलं आणि जरा वेळ गप्पच बसले, म्हणाले थ्री नॉट थ्रीपेक्षा भोक मोठं आहे. आणि आडवा उजेड पाडल्यावर नळीच्या मागच्या भागावर .४१० असं उठलं, इतके दिवस तेलाच्या थराखाली होतं. बारीक अक्षरं म्हणजे खरंच आयात करणाऱ्या कंपनीचं नाव आणि शहर आहे. याचा अर्थ काय?

कुंदा_आणि_नळी:
हेच हवं होतं. दादा, ही आता रायफल नाही. रायफल हे नावच आतल्या खाचांमुळे, त्याला रायफलिंग म्हणतात, गोळी फिरत जाते म्हणून सरळ जाते. ही .४१० मस्केट आहे. म्हणजे १९४३ ला इशापूरला ती .३०३ म्हणून जन्मली, शिक्का तसाच राहिला कारण शिक्का कोण खोडतो, आणि पुढे कधीतरी तिची नळी मोठी करून गुळगुळीत केली आणि मॅगझिनमध्ये लाकूड भरून ती एकबारी केली. एक काडतूस घाला, मारा, परत घाला. आजोबांना सांगा कुणी मोडकं लपवलेलं नाही, तो ठोकळा सरकारी काम आहे, काढू नका, तोच तिचा पुरावा आहे.

कशासाठी? पोलीस, तुरुंग, खजिन्याचे पहारे अशांसाठी. गर्दीपुढे उभ्या राहणाऱ्याच्या हातात दीड मैल गोळी फेकणारी दहा बारी लष्करी रायफल देण्यापेक्षा हे कमी घातक, आणि हिसकावून नेली तरी एकावेळी एकच बार. १८५७ नंतर कंपनीच्या जागी आलेल्या सरकारने हिंदी शिपायांना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका दिलेल्या, गोऱ्यांकडे खाचांच्या असताना. तो अविश्वास आणि ही मस्केट एकाच घरातल्या आहेत असं मला कायम वाटत आलंय.

आणि हे फार महत्त्वाचं, कृपया आजोबांना इंग्रजीत नीट समजावून सांगा. हिचं मूळ काडतूस .३०३ च्याच पितळी नळकांड्याची मान न करता सरळ ठेवून बनवलेलं होतं. अमेरिकेत दुकानात .४१० नावाची शॉटगनची काडतुसं मिळतात ती नावाने तीच पण लांबीला आणि आकाराला वेगळी. काही जणांनी तिकडे अशा मस्केटी नव्या काडतुसासाठी चेंबर वाढवून घेतल्यात, काहींनी नाही. जाणत्या गनस्मिथने चेंबरचं माप घेतल्याशिवाय हिच्यात काहीही घालायचं नाही. नातवाच्या चिठ्ठीत ही ओळ सगळ्यात वर लिहायला सांगा.

ठाणे_अंमलदाराचा_मुलगा:
.४१० मस्केट! किती वर्षांनी हा शब्द वाचला. माझे वडील पोलिसात होते, आम्ही लाइनीत राहायचो, आणि गार्डरूमच्या रॅकला साखळीत ओवलेल्या असायच्या. बाबा नेहमी चारशेदहाची मस्केट आणि थ्री नॉट थ्री असे दोन वेगळे शब्द वापरायचे, आम्हाला दिसायला दोन्ही सारख्याच. रविवारी अंगणात चटई टाकून साफसफाई चालायची, जवसाचं तेल लाकडाला, चिंधी बांधलेली दोरी नळीतनं ओढायची, त्याचा वास अजून नाकात आहे. मी दोरीचं टोक धरायचो आणि बाबा म्हणायचे कधीच, रिकामी असली तरी कधीच माणसाकडे तोंड करायचं नाही. दादा, तुमच्या शेजारच्या आजोबांनी ती जपली हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडच्या कुठे भंगारात गेल्या देव जाणे.

कोकणातला_दादा:
मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे. आमच्या घरी ठासणीची बंदूक आहे, पणजोबांपासूनची, शेती संरक्षणाचा परवाना आहे, डुकरं माकडं हाकलायला. घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर एक सिंह उभा आहे, पुढच्या पायात मुकुट धरलेला. हा कुठला?

कुंदा_आणि_नळी:
तो ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह, मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला. १८०८ च्या सुमारापासून कंपनीने तो वापरला, त्याआधी त्यांच्या बंदुकांवर बदामाच्या आकाराची खूण असायची, चार भाग केलेली आणि आत कंपनीच्या नावाची आद्याक्षरं, मालाच्या गाठोड्यांवर मारायचे तीच. तुमची पट्टी खरी असेल तर दीडशे वर्षांच्या पुढची झाली. पण पट्टी जुनी आणि नळी नवी असं कोकणात खूप दिसतं, लोहार लोक उपयोगाचं ते ठेवून बाकी बदलत आले, त्यामुळे नळीचे ठसे वेगळे वाचा. परवाना तुमच्याकडे आहे ते उत्तम. इतर वाचणाऱ्यांसाठी: वाड्याच्या माळ्यावर काही सापडलं तर शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या पुराण्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशांनाच. ते आपण ठरवायचं नाही, आधी पोलीस ठाण्यात कळवायचं. आणि .३०३ तर भारतात सामान्य माणसाला बंदी असलेल्या बोअरमध्ये येते. म्हणूनच इशापूरने लोकांसाठी .३१५ ची बनवली, त्याच ठेवणीवर.

जुना_एनसीसीवाला:
माझा अंदाज चुकला, शिकायला मिळालं. एक शंका, ती पाकिस्तान सरहद्दीवरची नकली तर नसेल? दर्रा आदमखेलला लोहार हुबेहूब लीएनफिल्ड बनवतात असं ऐकलंय.

कुंदा_आणि_नळी:
शंका रास्त आहे. तिकडचे कारागीर हाताचे फार पक्के, पण शिक्के ते चित्र म्हणून उतरवतात, वाचता येत नसलेली अक्षरं. त्यामुळे एन उलटा, एनफिल्डच्या स्पेलिंगात एखादं अक्षर गायब, किंवा राणी व्हिक्टोरियाचा व्हीआर आणि खाली १९१८ साल, राणी जाऊन सतरा वर्षं झाल्यावर. दादांनी सांगितलेल्या क्रमात राजा, साल, नाव, कारखाना सगळं एकमेकांना धरून आहे. अजून खात्री हवी तर नंबर जुळवा: बोल्टच्या दांड्यामागे, नळीवर, समोरच्या बोथट टोपीवर आणि मागच्या नेमावर एकच नंबर निघाला तर ती आयुष्यभर एकत्रच राहिली.

बेळगावची_लेक:
सगळे लोखंडावर बोलताय, दादांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. माझ्या माहेरची दोन माणसं एमएलआयची, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची, म्हणून मी सांगते.

दादा, ती तुमच्या आजोबांच्या पलटणीतली होती असं शिक्क्यांवरून कुणीही सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पलटणीचं नाव आणि रॅकचा नंबर त्या पितळी चकतीवर असायचा आणि तुमची चकती कोरी आहे. १९४३ ला बनलेली प्रत्येक रायफल इटलीत गेली नाही, कितीतरी बर्मा सरहद्दीला गेल्या, कितीतरी हिंदुस्थानातच डेपोत आणि ट्रेनिंग सेंटरला राहिल्या. पहिल्या मराठाची माणसं एप्रिल १९४५ ला सेनिओवर होती हे मात्र पक्कं, नामदेव जाधवांना ९ एप्रिलला तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, जखमी साथीदारांना पाठीवरून आणलं आणि मग मशीनगनच्या चौक्यांवर चालून गेले. तुमचे आजोबा चिखलाचं सांगायचे म्हणजे त्यांनी तो बांध बघितलेला आहे.

तुम्ही शोधताय ती खूण बंदुकीवर नाही, घरी असेल. मेडलं आहेत का? दुसऱ्या महायुद्धाची मेडलं ब्रिटिश सैनिकांना नावाशिवाय मिळाली, पण इंडियन आर्मीच्या मेडलांवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरून दिली. गोल मेडल असेल तर कडेवर बघायचं, स्टार असेल तर मागच्या बाजूला. इटलीचा स्टार पितळी रंगाचा, सहा टोकांचा, फीत लाल पांढरी हिरवी. घासू नका, चिंचेने तर मुळीच नाही, आमच्या काकूने दिवाळीला चिंच लावून अर्धं नाव पुसलं. तो नंबर हाताला लागला की बेळगावला रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येतं.

माणदेशी_ओहायो:
ताई, तुमचं वाचून रात्रीच मावशीला फोन लावला, तिच्याकडे आजोबांची ट्रंक आहे. आधी म्हणाली मेडल बिडल काही नाही, बिल्ले आहेत दोनतीन, पोरांनी खेळून फिती फाडल्यात. मग व्हिडिओवर दाखवले. एक स्टार आहे सहा टोकांचा आणि एक गोल. मावशी म्हणाली मध्ये मुकुट आहे आणि इंग्रजीत काहीतरी गुंतवलेलं. मी म्हटलं फोन जवळ धर. जीआरआय. परवा शेजारच्या आजोबांच्या तळघरात जे बोट ठेवून वाचलं तेच.

मग तिने स्टार उलटा केला आणि भिंग घेऊन एकेक अक्षर सांगत गेली, आधी आकडे, मग एसईपी, म्हणजे सिपॉय असणार, मग आजोबांचं नाव, इंग्रजी स्पेलिंग भलतंच पण त्यांचंच, मग मराठा एलआय, मराठामध्ये एक एच जास्त. मावशी शेवटी बोलायची थांबली, मला वाटलं फोन तुटला, तर ती डोळे पुसत होती. म्हणाली चाळीस वर्षं झाली हे ट्रंकेत आहे आणि मागे दादांचं, म्हणजे आजोबांचं, नाव आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

शेजारच्या आजोबांची चिठ्ठी काल रात्री दोघांनी बसून लिहिली. पहिली ओळ काडतुसाची, भाऊ, तुम्ही सांगितली तशी. मग इशापूर, १९४३, लष्करासाठी बनली, नंतर पहाऱ्यासाठी बदलली, ठोकळा काढू नये. नंबर पण जुळवले, बोल्ट आणि नळी जुळतात, पुढची टोपी वेगळ्या नंबरची आहे, तेही लिहिलं. पलटणीबद्दल काही लिहिलं नाही.

ताई, बेळगावच्या अर्जाचा मसुदा करतोय, पाठवला तर एकदा नजर टाकाल का?

बेळगावची_लेक:
पाठवा की. आजोबांच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि तेव्हाचा जिल्हा लिहा, स्वातंत्र्यानंतर नॉर्थ सातारा साऊथ सातारा असे दोन होते काही काळ, डिस्चार्जचा कागद असेल तर त्यावरचा शब्द तसाच उतरवा. आणि मावशींना म्हणावं स्टारच्या मागच्या बाजूचा फोटो दिवसा खिडकीजवळ काढा, आडवा उजेड पडेल असा. ३ आणि ८ मध्ये गोंधळ होतो.